रंग कुठला होता

नुकूसहून संपादकीणबाईंचा फोन:
बियबिनाझ, गोष्ट छान जमलीय,
फक्त शेवटी समुद्र परत आणा.
मुलांचं पुस्तक आहे, उमेद हवी.
मी बरं म्हणते. बरं म्हणायला काय लागतं?
खिडकीच्या फटीत कोंबलेल्या फडक्यावर
आज पुन्हा पांढरं साचलंय.
चाखून बघायची गरज नाही,
मुयनाकमध्ये जन्मलेल्याला मीठ डोळ्यांनी कळतं.

बारा पुस्तकं झाली माझी.
बारा वेळा आणलाय मी समुद्र परत.
कधी बगळ्याच्या चोचीतून, थेंब थेंब,
कधी एका हट्टी उंटिणीच्या मागोमाग,
एकदा तर आजारी मुलीच्या
थेट पलंगाखाली.
सुफळ संपूर्ण.
पुस्तक मिटलं की तो निघून जातो.
आताशा वाटतं, मी खोटं बोलते,
तेही मोठ्या टायपात, चित्रांसकट.

उमेद काय असते ते मी घरात पाहिलंय.
बाबा माशांच्या डब्यांच्या कारखान्यात होते.
पाणी मागे हटलं तेव्हा गावातले पुरुष
फावडी घेऊन त्याच्या मागे गेले, चर खणत,
रुसून निघालेल्या पाहुण्याला
वेशीवर गाठावं तसे.
पहिल्या वर्षी ईर्ष्येनं. मग सवयीनं.
मग कुणी गेलंच नाही.
बाबा मात्र दर वसंतात होडी रंगवायचे.
"पुढच्या साली येतो बघ," म्हणायचे, ब्रश झटकत,
आणि आत आई भांडी जरा जास्तच आपटायची.
त्या पुढच्या सालापायी आम्ही गाव सोडलं नाही.
धाकट्या सरसेनचा खोकला
त्या पुढच्या सालापर्यंत थांबला नाही.
म्हणून कुणी उमेद म्हटलं की माझा हात
आधी छातीशी जातो, मग लेखणीशी.

काल शाळेत तेरावी गोष्ट वाचली.
लाटा आल्या, गंजकी जहाजं
वाळूतून अंग झाडून उठली.
मी जरा थांबले, टाळ्यांसाठी.
शेवटच्या बाकावरून उल्बिके म्हणाली,
"मग आम्ही खेळायचं कुठे?"

तिसऱ्या जहाजात त्यांचं दुकान आहे.
नांगराच्या साखळीला झोपाळा.
आणि इंजिनाच्या खोलीत कुत्रीला
गेल्याच आठवड्यात चार पिल्लं झालीत,
अजून डोळे उघडले नाहीत.
"ती बुडतील ना, बाई."
सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला,
जणू मीच एकेक उचलून पाण्यात टाकणार होते.

मला हसू आलं. आणि घरी आल्यावर,
चहा गार होईपर्यंत, राग.
काय गेलंय तेसुद्धा ठाऊक नाही यांना!
मग वाटलं, बरंच आहे.
मग वाटलं, बरं कसं?
रात्रभर हेच, या कुशीवर, त्या कुशीवर.

पहाटे शेवट खोडला.
समुद्राला आला तसा परत पाठवला.
कुत्रीला ठेवलं.
आणि बाबांना आणलं:
एक माणूस वाळूत बसून होडी रंगवतो.
का, ते गोष्ट सांगत नाही.
खुळा होता की शहाणा,
साठी आली तरी माझं ठरलेलं नाही,
आठ वर्षांच्या मुलांवर ते कसं ढकलू?

आज तेवढंच वाचून दाखवलं.
वर्ग गप्प. कुणीतरी नाक ओढलं.
उल्बिकेचा हात वर:
"रंग कुठला होता?"

आणि मला आठवेना.
आईच्या भांड्यांचा आवाज आठवतो, टर्पेंटाइनचा वास आठवतो,
सरसेनच्या स्वेटरचं तुटकं बटण आठवतं.
रंग नाही.

मधल्या सुट्टीत घराकडे गेले.
कोंबड्यांच्या खुराड्यामागे होडी अजून पालथी आहे.
स्वयंपाकाच्या सुरीनं खरवडलं,
नखाएवढा पापुद्रा निघाला.
वर निळा. त्याखाली हिरवट.
त्याखाली पुन्हा निळा, मग राखाडी,
कारखान्यात त्या साली जो उरला असेल तो.
नवापर्यंत मोजले.
खिशात फोन वाजत होता, नुकूसचाच असणार.
पापुद्रा रुमालात गुंडाळला,
तो मोडू नये म्हणून मूठ सैल धरली,
आणि शाळा सुटायच्या आत पोचायला हवं
म्हणून भराभर चालायला लागले.